दरवर्षी नव्याने मागणे

१८९४ साली डर्बनमध्ये नाताळ इंडियन काँग्रेस स्थापन झाली, तेव्हा सभासदाची वर्गणी महिना किमान पाच शिलिंग ठरली. ज्याला जमेल त्याने अधिक द्यावी. डर्बनचे व्यापारी अब्दुल्ला शेठ यांनी महिना दोन पौंड लिहून दिले. पंचविशीत असलेले चिटणीस मोहनदास गांधी यांनी स्वतःच्या नावापुढे एक पौंड घातला. यादी भराभर भरली, पण वसुली होईना. डर्बनबाहेरच्या सभासदांकडे दर महिन्याला जाणे शक्य नव्हते. शहरातल्यांकडेही खेटे घालावे लागत, कारण सभेतला उत्साह घरी पोचेपर्यंत ओसरलेला असे. शेवटी चिटणिसांनीच सुचवले की वर्गणी महिन्याची नको, वर्षाची असावी, किमान तीन पौंड, आणि ती आगाऊ घ्यावी. हिशेब केला तर रक्कम तीच. पाच शिलिंग गुणिले बारा म्हणजे साठ शिलिंग, म्हणजेच तीन पौंड. बारा खेटे वाचून एकच उरला, एवढाच फरक. संस्थेसाठी पैसा गोळा करणाऱ्याने शिकावे असे बरेच काही या एका बदलात आहे. मागण्यालाही खर्च येतो, आणि तो खर्च मिळणाऱ्या रकमेच्या प्रमाणात असावा लागतो.

वर्गणी गोळा करण्याच्या मोहिमेत टोंगाट नावाच्या गावी गांधी आणि त्यांचे सहकारी एका व्यापाऱ्याकडे उतरले. त्याने सहा पौंड द्यावेत अशी अपेक्षा होती, तो तीनच्या वर जाईना. तीन घेतले तर बाकीचेही तेवढेच देतील, हे उघड होते. रात्र झाली, पोटात भूक होती, पण ठरलेली रक्कम मिळाल्याखेरीज जेवायचे नाही असे पाहुण्यांनी ठरवले. गावातल्या इतर व्यापाऱ्यांनीही यजमानाला समजावले. सगळी रात्र तशीच गेली. कोणी आवाज चढवला नाही. उजाडता उजाडता त्याने सहा पौंड दिले आणि सगळ्यांना जेवू घातले. ही हकीगत गांधींनी आत्मकथेत सांगितली आहे. तिच्यात मला महत्त्वाचे वाटते ते असे की मागणाऱ्यांना आपण काही लाजिरवाणे करतो आहोत असे क्षणभरही वाटलेले नाही.

त्याच आत्मकथेत त्यांनी आणखी एक गोष्ट लिहिली आहे आणि ती आज कोणत्याही संस्थेच्या विश्वस्त मंडळात मांडली तर पहिल्यांदा विरोधच होईल. सार्वजनिक संस्थेने कायमनिधी जमवून त्याच्या व्याजावर चालू नये, असे त्यांचे मत झाले होते. लोकांच्या पाठिंब्यावर दरवर्षी जगावे. तो पाठिंबा आटला तर संस्थेचा चालू राहण्याचा हक्कही संपला असे समजावे. हे मत अनुभवातून आलेले होते. नाताळ काँग्रेससाठी त्यांनी स्वतः मालमत्ता घेऊन ठेवली होती, तिचे भाडे येत होते. पुढे त्याच मालमत्तेवरून आपसात भांडणे झाली, प्रकरण कोर्टात गेले आणि भाडे कोर्टात साठत राहिले.

निधीबद्दल बोलताना आपण बहुतेक वेळा रक्कम किती एवढेच विचारतो. हा पैसा घेतल्यावर आपल्याला कोणासमोर उभे राहून काय सांगावे लागेल, हा प्रश्न मागे राहतो. माझ्या मते संस्थेचा स्वभाव याच प्रश्नाच्या उत्तराने ठरतो. व्याजावर चालणाऱ्या संस्थेला कोणालाच काही सांगावे लागत नाही. लेखापरीक्षकाला आणि धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाला कागद दिले की संपले. दरवर्षी हजार माणसांकडे जाणाऱ्या संस्थेला आपले काम हजार वेळा साध्या शब्दांत सांगावे लागते. सांगताना प्रश्न येतात. गेल्या वर्षी चाळीस मुली होत्या, यंदा तीस का? या गाडीची खरोखर गरज होती का? शेजारच्या तालुक्यात सरकारी केंद्र सुरू झाले, मग तुमचे अजून कशाला हवे? शेवटचा प्रश्न सगळ्यांत अवघड. पण ज्या संस्थेला तो कधीच विचारला जात नाही, तिचे काम संपले तरी तिला कळत नाही.

महाराष्ट्रात याची उदाहरणे शोधायला लांब जावे लागत नाही. शहराच्या मध्यवस्तीत शंभर वर्षांपूर्वी कोणी दानशूराने दिलेली जागा, तिच्यावरचे गाळे, गाळ्यांचे भाडे आणि चाळीस-पन्नास आजीव सभासद, असे चित्र अनेक गावांत दिसेल. काम नावापुरते उरलेले असते. निवडणूक मात्र दर खेपेला चुरशीची होते. नव्या कार्यकारिणीची नोंद होण्यासाठी सादर केलेला फेरफार अहवाल आक्षेपांमुळे धर्मादाय कार्यालयात वर्षानुवर्षे पडून राहतो. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याने मालमत्तेला चांगले संरक्षण दिले. स्थावर विकायची तर आयुक्तांची परवानगी लागते. मालमत्ता कायद्यामुळे टिकली, पण ज्या कामासाठी ती दिली होती ते काम टिकवणे कायद्याच्या हातात नव्हते.

आता उलट बाजू पाहू. अंताजी दामोदर काळे यांचा पैसा फंड स्वदेशीच्या काळातला. प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यावा, एवढीच मागणी. टिळकांनी ती उचलून धरली, आणि या फंडातून १९०८ साली तळेगाव दाभाड्याला काच कारखाना उभा राहिला. तिथे शिकून तयार झालेले कारागीर पुढे देशभरच्या काच कारखान्यांत गेले. एका पैशाने काय होणार, असे तेव्हाही म्हटले गेले असेलच. पण ज्याने पैसा दिला त्याला कारखान्याचे पुढे काय झाले हे विचारायचा हक्क मिळाला, आणि असे हक्कदार गावोगाव झाले.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू केली, तिची मांडणी याच जातीची होती. वसतिगृहातल्या मुलांसाठी घराघरांतून मूठ मूठ धान्य यायचे. जिच्या घरी पैसा खेळत नव्हता तिलाही देता येईल अशी ती देणगी होती. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मुलांच्या पोटासाठी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रही दिले, हे महाराष्ट्राला माहीत आहे. मला इथे मुठीबद्दल अधिक बोलायचे आहे. दागिने एकदाच देता येतात, मूठ रोज बाजूला काढावी लागते, आणि रोज काढताना त्या घराला वसतिगृहाची रोज आठवण होते. १९४८ साली भाऊरावांनी सरकारवर टीका केली आणि संस्थेचे अनुदान थांबवण्यात आले. पुढे ते सुरू झाले, पण मधल्या काळात संस्था कोसळली नाही. अनुदानापलीकडे तिला आपली मानणारी माणसे होती म्हणून हे झाले. एकाच मोठ्या स्रोतावर उभ्या असलेल्या संस्थेचा प्रमुख असे बोलण्याआधी दहा वेळा विचार करतो, आणि बहुधा बोलत नाही.

म्हणजे मोठा पैसा वाईट का? तसे मला म्हणायचे नाही. महर्षी कर्व्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढले, आणि १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी त्याला पंधरा लाख रुपये देऊ केले. विद्यापीठाला त्यांच्या मातोश्री नाथीबाईंचे नाव मिळाले, आणि आज एसएनडीटी म्हणून आपण जे ओळखतो ते त्या देणगीशिवाय या रूपात दिसले नसते. पण पंधरा लाखांच्या आधीचा काळ पाहिला पाहिजे. १८९६ ला विधवांसाठीचा अनाथ बालिकाश्रम, १९०० मध्ये पुण्याजवळच्या हिंगण्याची झोपडी, फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवून सुट्टीत गावोगाव वर्गणीसाठी हिंडणे, रुपया-दोन रुपये घेऊन पावती फाडणे. ठाकरसींनी पाहिले ते एक चालते, लोकांनी पारखलेले काम होते. मोठा दाता सहसा असाच शेवटी येतो. पहिल्या दिवसापासून त्याच्या मागे लागणाऱ्या नव्या संस्था मी पाहतो तेव्हा त्यांना सांगावेसे वाटते की आधी दोनशे लहान दाते मिळवा; मोठ्या दात्याला दाखवायला तुमच्याकडे तेवढीच एक खरी गोष्ट असेल.

इथे एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. लोकांचा पाठिंबा हाच संस्थेचा हक्क मानला, तर लोकांना न आवडणाऱ्या कामाचे काय? महर्षींचे चिरंजीव रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले. संततिनियमन आणि लैंगिक आरोग्य हे त्याचे विषय. समाजाने त्यांना वर्गणीऐवजी खटले दिले, आणि मासिक त्यांनी पदरमोड करून काढले. गांधींचा नियम शब्दशः लावला तर हे मासिक पहिल्या वर्षीच बंद व्हायला हवे होते, आणि तो महाराष्ट्राचा तोटा झाला असता. म्हणून त्या नियमाला मर्यादा आहे हे मान्य केलेच पाहिजे. काही कामे काळाच्या पुढची असतात आणि त्यांना एखाद्या माणसाचा हट्ट किंवा एखाद्या दात्याचा एकट्याचा आधार लागतो.

पण वडिलांचे उदाहरण पाहिले की याच आक्षेपाची दुसरी बाजू दिसते. धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ साली विधवेशी विवाह केला तेव्हा त्यांच्या मुरूड गावच्या लोकांनी त्यांना बहिष्कृत केले होते. तीनच वर्षांनी ते विधवांच्या आश्रमासाठी पैसे मागायला निघाले. त्यांना पाठिंबा देणारा समाज तयार नव्हताच. तो मागता मागता तयार झाला. ज्या घरी ते जात, तिथे विधवांच्या शिक्षणावर बोलणे भाग पडे, आणि अशा अनेक घरांत एखादी बालविधवा माजघरात असेच. एक रुपया देणाऱ्याने त्या विषयावर आपले मत ठरवलेले असे. सभेतल्या टाळीने मत ठरत नाही, खिशात हात घातला की ठरते. निधी मागणे आणि विचार पोचवणे ही दोन खाती संस्था वेगळी करतात, एकाला ‘रिसोर्स मोबिलायझेशन’ म्हणतात आणि दुसऱ्याला ‘अवेअरनेस’, दोघांसाठी वेगळी माणसे नेमतात. कर्व्यांच्या झोळीत ही दोन्ही कामे एकच होती.

आजचा मोठा पैसा कंपन्यांचा. २०१४ च्या एप्रिलपासून लागू झालेल्या तरतुदीनुसार ज्या कंपनीचे नक्त मूल्य पाचशे कोटी, उलाढाल हजार कोटी किंवा निव्वळ नफा पाच कोटी यांपैकी एका तरी रेषेच्या वर आहे, तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. यातून शाळांच्या इमारती, रुग्णवाहिका, पाणलोटाची कामे झाली आहेत, आणि त्यांचे मोल कमी नाही. तरी या पैशाची घडण समजून घ्यावी. तो प्रकल्पासाठी येतो, प्रकल्पाला मुदत असते, वर्षअखेर मार्चमध्ये असते, आणि देणाऱ्या अधिकाऱ्याला स्वतःच्या संचालक मंडळाला आकडे दाखवायचे असतात. किती लाभार्थी, किती गावे, किती फोटो. म्हणून संस्थेच्या अर्जातली भाषा हळूहळू बदलते, मग कामही त्या भाषेच्या मापाचे होऊ लागते. ज्या गावात तीन वर्षे नुसते बसून ऐकण्याची गरज आहे, तिथे बसण्यासाठी कोणत्याही तक्त्यात रकाना नसतो.

आणि हिशेबनिसाचा पगार? कार्यालयाचे भाडे, विजेचे बिल, लेखापरीक्षकाची फी, पंधरा वर्षे काम करणाऱ्या ताईंची भविष्य निर्वाह निधीची रक्कम? हे खर्च कोणाच्याच प्रकल्पात नीट बसत नाहीत. परदेशी देणगीच्या कायद्यात २०२० साली प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर आली, आणि एका संस्थेने परदेशी निधी घेऊन दुसऱ्या लहान संस्थेला देण्याची वाटही बंद झाली. खेड्यातल्या अनेक छोट्या संस्था मोठ्या संस्थांच्या आधाराने त्या वाटेवर चालत होत्या. संस्थेला हवा तिथे वापरता येईल असा, कोणत्याही प्रकल्पाला न बांधलेला पैसा आज मुख्यतः एकाच ठिकाणाहून येतो, तो म्हणजे तुमच्या-माझ्यासारखा साधा देणगीदार. म्हणून लहान देणग्यांचा आग्रह मी भावनेपोटी धरत नाही. वीज बिल त्याच पैशातून भरले जाते.

कार्यकर्त्याच्या पोटाचा हाच प्रश्न सामाजिक कृतज्ञता निधीने हाती घेतला. डॉ. श्रीराम लागू, निळू फुले आणि त्यांच्या सहकारी कलावंतांनी अत्र्यांचे ‘लग्नाची बेडी’ नव्याने उभे केले, गावोगाव प्रयोग केले, आणि जमलेली रक्कम ठेव म्हणून ठेवून तिच्या व्याजातून पूर्णवेळ कार्यकर्त्यांना दरमहा मानधन देण्याची व्यवस्था लावली. नरेंद्र दाभोलकरांसारखे कार्यकर्ते या व्यवस्थेमागे होते. आता हा कायमनिधीच झाला, व्याजावर चालणारा. मग गांधींचे म्हणणे इथे खोटे ठरते का?

मला यावर बराच विचार करावा लागला. दोन गोष्टी वेगळ्या करून पाहिल्या की विरोध मावळतो. एक, हा निधी ज्या कामाला पोचत होता त्या कामाच्या संस्थेच्या ताब्यात नव्हता. कार्यकर्ता आपल्या आंदोलनासाठी लोकांकडे जातच होता, लोकांचे प्रश्न ऐकतच होता. घरच्या तांदळापुरती त्याची चिंता कमी झाली होती. दोन, निधी जमवण्याची रीतच अशी होती की तिकीट काढणारा प्रत्येक प्रेक्षक कार्यकर्त्याबद्दल काही ऐकून घरी जाई. म्हणजे धोका साठवलेल्या पैशात नाही. साठवलेल्या पैशामुळे लोकांकडे जाणे थांबते, त्यात धोका आहे. हे लक्षात घेतले की व्यवहारातले काही निर्णय सोपे होतात. सहा महिन्यांचे पगार भागतील एवढी शिल्लक प्रत्येक संस्थेकडे असलीच पाहिजे. २०२० च्या टाळेबंदीत निधीचा ओघ साथीच्या कामाकडे वळला आणि ज्यांच्याकडे अशी शिल्लक नव्हती त्यांना माणसे कमी करावी लागली. ही शिल्लक म्हणजे गंगाजळी, तिला कायमनिधीचा दोष लागत नाही. इमारतीसाठी, उपकरणासाठी एकदाचा मोठा निधी घ्यावा. पण रोजच्या कामाचा निम्म्याहून अधिक खर्च व्याजातून भागू लागला की विश्वस्तांनी सावध व्हावे. ही निम्म्याची रेषा माझी आहे, कोणत्या कायद्यातली नाही.

कायदाही अप्रत्यक्षपणे हेच सांगतो. करसवलत घेणाऱ्या न्यासाला वर्षाच्या उत्पन्नातले पंच्याऐंशी टक्के उद्दिष्टावर खर्च करावे लागतात. मूळ निधीत जमा करायची देणगी यातून वगळली जाते, पण त्यासाठी दात्याने तसे लेखी कळवलेले असावे लागते. हे पत्र वेळेवर न घेतल्याने लेखापरीक्षणात अडचण येते. ते घ्यायचे विसरू नये, आणि घेताना दात्याला एकदा विचारावेही की ही रक्कम यंदाच्या कामाला दिलीत तर चालेल का. अनेक जण हो म्हणतात. ठेवीत टाकण्याची सूचना बरेचदा आपणच केलेली असते.

करसवलतीबद्दल थोडे. ऐंशी-जी या नावाने सगळ्यांना माहीत असलेली सवलत अजून आहे, पण नव्या करप्रणालीत जाणाऱ्या व्यक्तीला ती मिळत नाही, आणि पगारदार मोठ्या संख्येने तिकडे गेले आहेत. दोन हजारांवरच्या रोख देणगीला तर कोणत्याच प्रणालीत ती नाही. मार्चअखेर ‘कर वाचवा’ असे पत्रक काढणाऱ्या संस्थांनी आता ते मजकूर बदलावेत. खरे तर बरेच झाले. कर वाचवण्यासाठी दिलेल्या पैशाला कामाबद्दल कुतूहल नसते.

‘लोकसत्ता’चा ‘सर्वकार्येषु सर्वदा’ हा उपक्रम मला म्हणून मोलाचा वाटतो. गणेशोत्सवाच्या दहा दिवसांत दहा संस्थांची ओळख छापून येते आणि वाचक त्या त्या संस्थेच्या नावाने धनादेश पाठवतात. वर्तमानपत्र वाचून, नाव निवडून, धनादेश लिहून पाठवणाऱ्याने पुरेसा विचार केलेला असतो. पण इथे संस्थेची परीक्षा पुढे सुरू होते. एका उत्सवात शेकडो नवे दाते मिळतात; पुढच्या वर्षी त्यांच्यापैकी किती जणांकडे आपण पुन्हा जातो? पत्ते वहीत राहतात, वही कपाटात राहते.

याच्या उलट टोकाला आहे दरमहा आपोआप वळती होणारी देणगी. मोबाइलवर एकदा मंजुरी दिली की दर महिन्याला शंभर-पाचशे रुपये खात्यातून जातात. डर्बनच्या चिटणिसाची सगळी खेट्यांची अडचण सुटली. सोय मोठी आहे आणि संस्थेने ती जरूर घ्यावी. पण पाच वर्षे कोणी काही न विचारता, न सांगता पैसे येत राहिले, तर त्या दात्याचे रूपांतर ठेवीत झाले असे समजावे. त्याला आपण आठवत नाही, आपल्याला तो आठवत नाही, आणि एक दिवस कार्ड बदलले की तो निघून जातो. म्हणून वळती चालू असली तरी वर्षातून एकदा त्याला खरे पत्र जावे: यंदा हे जमले, हे जमले नाही, खर्च असा झाला, पुढच्या वर्षी तुमची मदत हवी आहे का याचा आम्ही असा विचार केला. ‘जमले नाही’ हा परिच्छेद गाळू नये. दात्याचा विश्वास तिथेच बसतो.

हे पत्र कोणी लिहायचे यावर संस्थांमध्ये मतभेद होतात. माझे मत असे की जो काम करतो त्याने लिहावे, निधी विभागाने ते फक्त शुद्ध करून पाठवावे. शक्य तिथे त्याने वर्षातून चार दिवस काम सोडून दात्यांच्या घरी जावे. कामाचे दिवस वाया गेले अशी कुरकुर होईल, तरी जावे. आणि भेटींची यादी करताना पहिली नावे मोठ्या रकमांची घेऊ नयेत. गेल्या वर्षी ज्यांनी दिले आणि यंदा ज्यांच्याकडून काहीच आले नाही, त्यांच्यापासून सुरुवात करावी. का थांबलात, हे विचारायला जावे, आणि ते सांगतील ते वहीत लिहून आणावे.